पुढून तिसरा डबा

भाववाल्यांचे पाय रोज दुपारी दोनच्या सुमाराला कुरकुरायला लागायचे. आधी डावी टाच, मग दोन्ही पोटऱ्या, आणि तीन वाजेपर्यंत कंबर. एकतीस वर्षं हा माणूस दुकानात उभा होता, आणि गंमत बघा, स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या दुकानात.

नोकरी मोठ्या दुकानाची. मोठं दुकान म्हणजे ते कोपऱ्यावरचं, काचेच्या दारांचं, जिथे आत पाऊल टाकलं की गार वारा अंगावर येतो आणि सफरचंदांवर वेगळे दिवे सोडलेले असतात. पण काम मात्र त्याच रस्त्यावर दोन चौक पुढे, स्वस्तातल्या दुकानात. त्या दुकानाला सगळे नुसतं 'खोकी' म्हणायचे, कारण तिथे माल फळ्यांवर मांडायची भानगडच नव्हती. आलेलं खोकं वरून कापायचं, तसंच जमिनीवर ठेवायचं, ज्याला हवं त्याने वाकून घ्यावं. भाववाल्यांनी रोज त्या खोकीत जायचं, चारशे वस्तूंचे भाव टिपायचे आणि संध्याकाळी मोठ्या दुकानाच्या कचेरीत नेऊन द्यायचे. मग वरचे लोक ठरवणार, आपला भाव कुठे उतरवायचा आणि कुठे मुकाट्याने तसाच राहू द्यायचा.

कागदोपत्री हुद्दा 'भाव-तपासनीस'. पण कागदोपत्री हाक कोण मारतं? रस्त्यात, जिन्यात, दोन्ही दुकानांत ते भाववालेच होते.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं ते चोरासारखे जायचे. गिऱ्हाईक असल्याचं सोंग आणायचे, एक टोपली हातात धरायची, त्यात उगाच एक काडेपेटी टाकायची आणि खांबाआड जाऊन लिहायचं. पण रोज एक काडेपेटी घेणारा माणूस किती दिवस लपणार? खोकीतल्या काउंटरवरच्या बाईने एक दिवस सरळच विचारलं, "तुमच्याकडे घरात चूल आहे का भट्टी?" तेव्हापासून सोंग सुटलं. आता ते दारात दिसले की ती म्हणायची, "आले आमचे पाहुणे," आणि पायानेच एक उलटा क्रेट त्यांच्याकडे सरकवायची. दुपारी दोननंतर तो क्रेट म्हणजे त्यांना सिंहासन वाटायचा.

एवढी वर्षं दोन्ही दुकानांचा माल हाताखालून गेला, त्यामुळे एक झालं. कोणती वस्तू कुठली चांगली आणि कुठली नुसतीच महाग, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते ज्या इमारतीत राहायचे तिथल्या बायका त्यांना जिन्यात गाठायच्या. "भाववाले, साबणाची पूड कुठली घेऊ?" पिशवी खाली ठेवून, कठड्याला टेकून ते सांगायचे. "पूड आमच्याकडची घ्या. खोकीतली स्वस्त दिसते, पण दुप्पट लागते, मग कसली स्वस्त." "आणि जॅम?" "जॅम खोकीतला. आमच्या जॅममध्ये फळ शोधायला भिंग लागेल." ज्याचं खातो त्याच्या जॅमबद्दल हा माणूस असं बोलायचा. तांदूळ मोठ्या दुकानाचा, कारण त्यात तुकडा कमी. तेल कुठलंही घ्या, तेच आहे. बिस्किटं मोठ्या दुकानाची. चहा खोकीतला, कारण मोठ्या दुकानाचा चहा तसाच, आणि भाव दीडपट.

त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

घरात तर प्रश्नच नव्हता. त्यांची बायको तीस वर्षं त्यांच्या सांगण्यावरून पिशवी भरत आली. यादी एक, पण कागदाला मध्ये घडी घातलेली. घडीच्या एका बाजूला खोकी, दुसऱ्या बाजूला मोठं दुकान. गुडघा धड होता तोवर ती एका दमात दोन्ही दुकानं करायची. आता गुडघा सुजायचा. डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून दोघं घरी आली आणि ठरवून टाकलं की भाववाले निवृत्त झाले की जी एकरकमी रक्कम हातात पडेल, त्यात गुडघा. नोकरी पुरी केली तर पूर्ण रक्कम, मध्येच सुटली तर निम्मी. पुरी व्हायला चौदा महिने राहिले होते. चौदा महिने ती भिंतीला धरून चालणार होती.

खरं सांगायचं तर भाववाल्यांना आता भावांचा वीट आला होता. सकाळी डोळा उघडला की आकडेच समोर यायचे. भाचीच्या लग्नात सगळे नवरीकडे बघत होते, आणि हे हारातली फुलं कितीला पडली असतील ते बघत होते. स्वतःचाच त्यांना राग आला त्या दिवशी. पण चौदा महिने तर काढायचेच होते.

कामात त्यांचे दोन नेम होते. दोन्ही त्यांनीच घालून घेतलेले, कुणी सांगितलेले नव्हते.

पहिला नेम असा की तपासायला माल घ्यायचा झाला तर पुढून तिसरा घ्यायचा. पुढचा डबा सगळ्यांनी हाताळलेला, त्याच्यामागचा पुढच्याच्या जोडीने ऊन खाल्लेला, आणि अगदी मागचा कालच आलेला, म्हणजे उगाच ताजा. तिसरा डबा हा खरा डबा. दमलेला माणूस संध्याकाळी हात घालेल आणि जे येईल, ते. खोकीतही तिसरा, मोठ्या दुकानातही तिसरा. बायकोलाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

दुसरा नेम सहीचा. त्यांची सही देखणी होती, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून पहिल्या अक्षराखाली जायची. पण खोकीत थंड मालाच्या कपाटांपुढे दोन तास उभं राहिलं की बोटं आखडायची आणि संध्याकाळी सहीचे पार कोंबडीचे पाय व्हायचे. म्हणून सोमवारी सकाळी, हात गरम आहेत तोवर, ते आठवड्याच्या सगळ्या कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून ठेवायचे. कागद टेबलाच्या खणात. रोज एक काढायचा, भरायचा, द्यायचा. वीस वर्षं असंच चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. भाववाल्यांच्या तर नाहीच. खाली आपली सही आहे म्हणजे वर आपणच लिहिणार, दुसरं कोण लिहिणार?

मोठ्या दुकानात नव्या मॅनेजरबाई आल्या त्याला सहा महिने झाले होते. वय तिशीच्या आतलं. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही लगेच तिच्या नावाने बोटं मोडायला लागाल. ती दुपारचं जेवण उभ्याने जेवायची, एका हातात फोन धरून. वरून तिला दिवसातून सात वेळा फोन यायचे आणि सातही वेळा एकच विचारणा. गिऱ्हाईक खोकीकडे का चाललंय?

एका मंगळवारी तिने भाववाल्यांना बोलावलं. "काका, आपण नऊ वस्तू समोरासमोर तपासू या. आपली आणि त्यांची. तुमच्याइतकं हे कुणाला कळत नाही."

असं कुणी म्हटलं की दमलेला माणूसही जरा ताठ बसतो. भाववाले बसले. बुधवारचा अख्खा दिवस त्यांनी वरच्या माळ्यावरच्या छोट्या स्वयंपाकखोलीत काढला. दोन्हीकडून पुढून तिसरा माल आणला. तांदूळ दोन पातेल्यांत शिजवला, शितं पांढऱ्या बशीत पसरून तुकडे मोजले. बिस्किटांचे पुडे फोडून मोडकी वेगळी काढली. जॅम चमच्याने बशीवर पसरून फळ बघितलं. एकच मळका टॉवेल कापून दोन्ही पुडींत भिजवला. चहा घड्याळ लावून चार मिनिटं उकळला, दोन कप केले, कपांच्या बुडाला खूण केली, आणि डोळे मिटून कप इतके वेळा फिरवले की शेवटी कुठला कुठला ते त्यांनाच कळेना. प्यायले. पुन्हा प्यायले. मग कागदावर लिहिलं, 'चहा: सारखा. डोळे बांधून दिला तर मीही फसेन.'

संध्याकाळी निकाल दिला. चार वस्तूंत मोठं दुकान सरस, तीन वस्तूंत खोकी, दोन सारख्या. मनात म्हणाले, चांगला निकाल आहे, मोठ्या दुकानाला लाज वाटायचं काही कारण नाही.

बाईने कागद वाचला. पुन्हा वाचला. "बरं," म्हणाली.

गुरुवारी भाववाले खोकीतून परत आले तर ती त्यांच्या टेबलाशी उभी. "काका, खणातला तुमचा एक कागद घेतला हं. नीट टाइप करून घ्यायचंय." भाववाल्यांनी मान हलवली. पायांचे तुकडे पडले होते, त्यांना फक्त खुर्ची दिसत होती.

शुक्रवारी सकाळी काचेच्या दाराशी माणसाच्या उंचीचा बोर्ड उभा होता. 'आमच्या अनुभवी तपासनीसांनी स्वतः तपासलं. नऊपैकी नऊ वस्तूंत आम्हीच सरस.' खाली नऊ ओळी. तांदूळ, जॅम, तेल, चहा, सगळ्यांपुढे मोठ्या दुकानाच्या बाजूला हिरवी खूण. आणि सगळ्यात खाली त्यांची सही. हातभर लांबीची केलेली, शेपटीसकट.

भाववाले बोर्डासमोर उभे राहिले. मागून लोक येत होते, त्यांना वळसा घालून आत जात होते. आपली सही एवढी मोठी त्यांनी कधी बघितली नव्हती.

ते वर गेले. बाई फोनवर होती. तिने हाताने बसा म्हणून खुणावलं, ते बसले नाहीत.

"बाई, हे मी लिहिलेलं नाही."

"सही तुमचीच आहे ना काका?"

"सही माझी आहे. वरचं माझं नाही. जॅम आपला चांगला नाही. चहा सारखा आहे. मी लिहून दिलं होतं."

बाईने फोन उलटा ठेवला. क्षणभर तिचाही चेहरा उतरला, हे भाववाल्यांनी बघितलं. "काका, 'चार, तीन, दोन' असा बोर्ड कुणी लावतं का? मला वरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं. आणि बोर्ड वाचतं कोण? महिनाभर राहील, मग काढून टाकू." मग थोडं थांबून, अगदी मायेने म्हणाली, "तुमचे चौदा महिने राहिलेत ना? शांतपणे काढा. मीही कुणाला काही बोलणार नाही की तुम्ही कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवता म्हणून."

धमकी होती का ती? भाववाले जिना उतरताना विचार करत होते. बाईचा आवाज तर धमकीचा नव्हता. पण मतलब तोच होता. वीस वर्षं कोऱ्या कागदांवर सह्या, हे वर कळलं तर कोण विचारणार की बोटं आखडतात म्हणून? घरी पाठवतील, निम्मी रक्कम हातात देऊन. निम्म्या रकमेत अर्धा गुडघा बदलत नाहीत.

जाऊ दे, ते मनाशी म्हणाले. महिनाभराचा तर प्रश्न. वाचतं कोण?

त्या दिवशी खोकीत काउंटरवरच्या बाईने क्रेट सरकवला नाही. बोर्डाची बातमी दोन चौक चालत यायला किती वेळ लागतो? ती गिऱ्हाइकाचं सामान पुढे ढकलत राहिली आणि वर न बघता म्हणाली, "पाहुणे, आमचा जॅमसुद्धा?" भाववाले मूग गिळून बसले. बसले तरी कसलं, उभेच होते. चारशे भाव उभ्याने टिपले.

शनिवारी संध्याकाळी घरी आले. बूट काढायला वाकले, तिथेच दोन मिनिटं वाकलेले राहिले. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, बसा, चहा टाकलाय." आवाजात काहीतरी खुशी होती. बऱ्याच दिवसांनी होती.

ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांना ओट्यावर डबा दिसला. चहाचा. मोठ्या दुकानाचा, निळ्या झाकणाचा.

"हा कुठून आला?"

"कुठून म्हणजे? मी आणला." ती कप भरत होती, एका हाताने ओटा धरून. "आज खालच्या मावशींबरोबर गेले होते. त्यांना एकटीला जिना चढवत नाही आणि मला उतरवत नाही, म्हटलं दोघी मिळून एक धड माणूस होऊ. तर दारातच बोर्ड. आणि खाली तुमची सही. मी तिथल्या मुलीला सांगितलं, हे आमचे. ती म्हणाली, हो का. जरा तरी आश्चर्य वाटायला नको का तिला?"

भाववाले खुर्चीवर बसले.

"मावशींना चष्म्यातूनही बारीक दिसत नाही, मग मीच वाचून दाखवला सगळा," ती सांगत होती. "त्या म्हणाल्या, भाववाल्यांनी लिहिलंय म्हणजे बघायलाच नको. त्यांनीही एक डबा घेतला. एवढ्याशा पेन्शनीत, बघा. जॅमपण घेत होत्या, मी म्हटलं पुढच्या महिन्यात. आणि हो, पुढून तिसराच घेतला, दोघींनीही. मी त्यांना शिकवलं."

तिने कप त्यांच्यापुढे ठेवला, स्वतःचा घेतला आणि सुजलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून हळूच बसली. दुकानापर्यंत जाऊन-येऊन, जिन्यासकट. भाववाल्यांनी त्या गुडघ्याकडे बघितलं आणि नजर कपात घातली.

त्यांनी एक घोट घेतला. चहा चांगला होता. काल होता तेवढाच.

बायकोही प्यायली. थांबली. कप खाली ठेवून तिने पुन्हा उचलला आणि आणखी एक घोट तोंडात जरा धरून ठेवला. भाववाले बघत होते. एखादा पदार्थ कळत नसला की ती कपाळाला अशीच आठी घालायची.

"मला तर बाई तसाच लागतोय," ती शेवटी म्हणाली. "पण तुम्ही लिहिलंय म्हणजे फरक असणारच. माझी जीभच गेली वाटतं आता. गुडघा गेला, कान निम्मे गेले, जीभ तेवढी राहिली होती." आणि ती हसली, अगदी साधं, स्वतःवर हसतात तसं.

भाववाल्यांनी आयुष्यात पुष्कळ काही गिळलं होतं. बायकोचं ते हसू गिळवेना. दुकानाने सही चोरली ते एक वेळ चाललं असतं. पण ही बाई त्या सहीपायी स्वतःच्या जिभेला खोटं ठरवत होती.

"तुझी जीभ ठीक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"चहा तोच आहे. मी बुधवारी दोन्ही प्यायलोय. सारखा आहे म्हणून लिहून दिलं होतं. बोर्डावर लिहिलंय ते मी लिहिलेलं नाही." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. खण, कोरे कागद, बाईचा फोन, चौदा महिने. आवाज चढवला नाही. चढवायला अंगात जोरही नव्हता. सांगताना ते टेबलावरची साखर बोटाने एका जागी गोळा करत होते.

बायकोने कप बाजूला सारला. तिला राग आला होता. बोर्डाचा, बाईचा, आणि थोडा त्यांचाही. शुक्रवारी, शनिवारी दोन दिवस हा माणूस हे पोटात ठेवून हिंडला आणि आपण त्या पोरीला 'हे आमचे' म्हणून सांगत बसलो.

"एवढं झालं आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुझा गुडघा," ते म्हणाले.

तिने पाय खुर्चीवरून खाली घेतला. घेताना कळ आली असणार, पण तोंडावर दिसू दिली नाही. "माझ्या गुडघ्याला मध्ये घालू नका. मी भिंत धरून चालते, ती आणखी धरेन. खालच्या मावशींच्या डब्याचं काय ते सांगा."

मावशी हॉस्पिटलच्या धुलाईत चाळीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या, दिवसाला दोन कप चहा, त्यातला दुसरा अर्धाच. भाववाले त्याच संध्याकाळी खाली गेले. डबा फडताळात होता, सील न फोडलेला. जुना संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही, ही मावशींची सवय.

"मावशी, हा डबा मला द्या. मी परत करतो."

"का रे बाबा? चांगला नाही?"

"चांगला आहे. पण तुमचा जुनाही एवढाच चांगला आहे. उगाच दीडपट पैसे गेले."

"मग बोर्डावर कसं लिहिलंय?"

"बोर्डावर खोटं लिहिलंय, मावशी. सही माझी आहे, पण ते मी लिहिलेलं नाही."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. मग डबा पदराने पुसला, जसा काही तो त्यांच्याकडे राहून मळला होता, आणि पावतीसकट त्यांच्या हातात दिला. "जेवलास का?" एवढंच विचारलं.

सोमवारी सकाळी भाववाले नेहमीपेक्षा लवकर निघाले. टेबलाशी गेले नाहीत, खण उघडला नाही. त्या आठवड्याच्या कोऱ्या कागदांवर सह्या झाल्या नाहीत. काचेच्या दारातून आत शिरले, बोर्डाच्या बाजूने, आणि गिऱ्हाइकांसारखे माल परत घ्यायच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. पुढे दोन माणसं होती. एकाचा दिवा लागत नव्हता, दुसऱ्याला चादरीचा रंग पसंत नव्हता.

खिडकीतल्या मुलीने त्यांना ओळखलं आणि ती गोंधळली. "काका, तुम्ही रांगेत कशाला? इकडून या ना."

"नको. मी परत करायला आलोय. हा डबा, ही पावती."

तिने डबा उलटसुलट बघितला. सील शाबूत होतं. पैसे परत द्यायला काहीच अडचण नव्हती. तिने छापील चिठ्ठी पुढे सरकवली. "कारण काय लिहू? खराब निघाला?"

"दे, मी लिहितो."

त्या चिठ्ठ्यांचं काय होतं हे भाववाल्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज दहा वाजता त्यांचा गठ्ठा वर बाईच्या टेबलावर जायचा आणि महिन्याअखेर बाईच्याही वरच्यांकडे. दुकानात दुसरा कुठला कागद वाचला गेला नाही तरी ही चिठ्ठी वाचली जायची, कारण तिच्यामागे परत गेलेले पैसे असायचे.

त्यांनी पेन घेतलं. 'परत करण्याचं कारण' या ओळीपुढे लिहिलं, 'माल चांगला आहे. स्वस्त दुकानातलाही असाच आहे. तपासून लिहून दिलं होतं. दाराशी लावलेल्या बोर्डावरचा मजकूर माझा नाही.' ओळ संपली, म्हणून उरलेलं समासात लिहिलं. पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग खाली सही केली. सकाळची वेळ होती, हात गरम होता, शेपटी बरोबर मागे वळून पहिल्या अक्षराखाली गेली.

मुलीने चिठ्ठी वाचली. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. "काका, हे असंच पाठवू वर?"

"असंच पाठव."

तिने पैसे मोजून दिले. भाववाल्यांनी ते मावशींचे पैसे म्हणून वरच्या खिशात वेगळे ठेवले आणि खिशाचं बटण लावलं. घड्याळात पावणेदहा झाले होते. खोकीत जायची वेळ टळून गेली होती. जिन्याखाली गिऱ्हाइकांसाठी एक बाक होता, एकतीस वर्षांत त्यावर ते कधी बसले नव्हते. आज बसले. वरून बोलावणं येणारच होतं. तोवर पायांना तेवढीच विश्रांती.